अरबी समुद्रात कमी दाब, तासगाव भागात दुसऱ्या प्लॉटची छाटणी थांबवू का?

सावळज_बागायत

नमस्कार मंडळी. सावळजजवळ आमची द्राक्षबाग आहे. सुपर सोनाकाच्या प्लॉटची फळछाटणी ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली, तो आता पाच-सहा पानांवर आहे आणि घड दिसायला लागलेत. दुसरा प्लॉट माणिक चमनचा. तो या आठवड्यात छाटायचा ठरलाय. छाटणीची टोळी जत भागातली, उचल देऊन झालीय. एकदा तारीख हुकली की ती माणसं पुढच्या गावाला जातात आणि मग दिवाळीनंतरच हाताला लागतात.

आज सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर एकच नकाशा फिरतोय. समुद्रात लाल गोळा आणि खाली "महाचक्रीवादळ सांगली-साताऱ्यावर धडकणार". हवामान विभागाच्या पत्रकात मात्र लक्षद्वीपजवळ कमी दाबाचं क्षेत्र आहे आणि ते ४८ तासांत डिप्रेशन, म्हणजे त्याहून जोरदार सिस्टिम, होण्याची शक्यता आहे, एवढंच लिहिलंय. विंडी या हवामानाच्या अॅपवर युरोपियन मॉडेल (संगणकाचा अंदाज) त्याला ओमानकडे नेतंय, अमेरिकेचं जीएफएस मॉडेल कोकणाकडे.

आमच्याकडे दोन रात्री झाल्या, उकाडा जात नाही. पहाटे दव पडायचं ते बंद झालंय. काल संध्याकाळी दंडोबाच्या डोंगराच्या अंगाला विजा चमकत होत्या, पाऊस आला नाही. २०२० च्या ऑक्टोबरमधल्या पावसासारखं होणार असेल तर मला आत्ताच ठरवायला लागेल. वादळ आपल्याकडे येतंय का, आणि दुसरा प्लॉट छाटू का थांबू?

विटा_हवामान

जीएफएसच्या आजच्या दुपारच्या रनमध्ये (मॉडेलच्या ताज्या अंदाजात) सिस्टिम रत्नागिरीच्या समोर येऊन वळतेय. आपल्या जिल्ह्यावर तीन दिवसांत बऱ्यापैकी पाऊस दाखवतंय. मी सोयाबीनची मळणी उद्याच उरकून घेतोय, भिजलं तर दाणा काळा पडतो आणि दर मिळत नाही. माझ्या मते छाटू नका.

मिरज_दाबमापक

सावळजकर, आधी त्या लाल गोळ्याचं सांगतो. विंडी उघडलं की पहिल्यांदा वाऱ्याचा थर दिसतो, पावसाचा नाही. कुणीतरी दहा दिवसांनंतरची फ्रेम पकडून त्याचा फोटो काढलाय. दहा दिवसांपुढचं वादळाचं ठिकाण कुठलंच मॉडेल खात्रीनं सांगू शकत नाही, ते रोज इकडून तिकडे हलतं. त्या फोटोवर एक रुपयाचाही निर्णय घेऊ नका.

चक्रीवादळ म्हणून ते सांगलीवर येणार नाही. त्याला कमीत कमी २६.५ अंश तापलेला समुद्र लागतो, तोही नुसता वरचा थर नाही, बऱ्याच खोलीपर्यंत. जमिनीवर आलं की हा पुरवठा तुटतो. आपल्यापासून समुद्र सरळ रेषेत शंभराहून जास्त किलोमीटर, मध्ये सह्याद्री. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला अलिबाग-मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला. वाऱ्याचा मुख्य तडाखा कोकणानं सोसला.

पण म्हणून निर्धास्त राहा असं मी अजिबात म्हणणार नाही. आपलं नुकसान वारा करत नाही, ओल करते, आणि ओलीचा वादळाच्या नावाशी फारसा संबंध नसतो. मला इथे सगळ्यांना हेच सांगायचंय. नाव पडलं की लोक जागे होतात. नाव पडतं ताशी ६२ किलोमीटर वाऱ्याला. त्याखाली ५० ते ६१ म्हणजे डीप डिप्रेशन, ३१ ते ४९ म्हणजे डिप्रेशन, त्याहून कमी म्हणजे नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. ही वाऱ्याची वर्गवारी आहे. पाऊस किती पडेल ते त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

२०२० चं उदाहरण तुम्ही स्वतःच दिलंत. ती सिस्टिम १३ ऑक्टोबरला सकाळी काकीनाड्याजवळ जमिनीवर आली, डीप डिप्रेशन म्हणून. तिला नाव नव्हतं, कारण ती चक्रीवादळ झालीच नाही. तेलंगणा आणि उत्तर कर्नाटकावरून ती सावकाश पश्चिमेला सरकली, सोलापूर, पंढरपूर, सांगली सगळं भिजवून पुन्हा अरबी समुद्रात उतरली. वारा कमी होत गेला तरी बाष्प तिच्याबरोबर होतं आणि चाल मंद होती. आदल्या वर्षीचं क्यार बघा. सुपर सायक्लोन, म्हणजे ताशी २२२ किलोमीटरच्या वरचा वारा. पण त्याचा जोर सर्वांत जास्त होता तेव्हा ते किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, ओमानच्या दिशेनं चाललं होतं. कोकणाला झोडपलं ते आधी, रत्नागिरीच्या समोर ते घडत होतं तेव्हा. पाठोपाठ महा नावाचं वादळ आलं आणि बागायतदारांना श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही.

असं का होतं? सिस्टिम कोवळी असते तेव्हा तिचे ढग लांबवर विखुरलेले असतात. ताकद वाढली की ती बाष्प स्वतःभोवती ओढून घेते आणि पाऊस केंद्राजवळ गोळा होतो. म्हणून किनाऱ्याजवळ जन्मणाऱ्या वादळाचे नाव पडण्याआधीचे दोन-तीन दिवस आपल्यासाठी जास्त धोक्याचे, आणि तुम्ही आत्ता त्याच दिवसांत आहात. हवामान विभागाच्या नकाशावर जो शंकू दिसतो तो केंद्राचा मार्ग दाखवतो. पाऊस त्या शंकूच्या बराच बाहेर पडू शकतो.

आता वारा. आपल्या गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात. केंद्र आपल्या पश्चिमेला समुद्रात असलं की आपल्याकडे दक्षिणेकडून, आग्नेयेकडून दमट हवा येते. तुमचं दव बंद झालं, रात्री उकडतंय, ते यामुळेच. ढगांचं पांघरूण असलं की जमिनीची उष्णता रात्री वर निघून जात नाही, पानं थंड होत नाहीत, मग दव कुठून पडणार? केंद्र वायव्येला लांब सरकलं की ईशान्येचा कोरडा वारा पुन्हा सुरू होतो आणि पहाटे गारवा येतो. मी तरी विंडीवर वारा बघत बसत नाही, दवबिंदूचा थर बघतो (हवा किती अंशांना थंड झाली की दव पडेल तो आकडा, तो जास्त म्हणजे हवेत बाष्प जास्त). तो २१-२२ च्या वर आहे तोवर दुपारनंतर कुठेही गडगडाट होऊ शकतो. १८ च्या खाली उतरला की समजायचं, कोरडी हवा आली.

मोबाईलमधला दाबमापक वापरत असाल तर दोन गोष्टी सांभाळा. सांगली-मिरज समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे आकडा ९५० च्या आसपास दिसतो. तो उंचीचा परिणाम, घाबरू नका. दुसरं, हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास सर्वांत जास्त, दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी, मध्ये तीन-चार हेक्टापास्कलचा फरक सहज पडतो. दुपारी दाब उतरला म्हणून वादळ आलं असं होत नाही. आज दहाचा आकडा कालच्या दहाशी जुळवायचा. माझ्याकडे आज दहाला कालच्यापेक्षा थोडा कमी आहे, पण घसरण मोठी नाही.

विटेकरांच्या जीएफएसबद्दल. वळण्याची शक्यता मी नाकारत नाही. उत्तरेकडून पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) खाली आली तर वादळ ईशान्येला खेचलं जातं, महाही असंच गुजरातकडे वळलं होतं आणि किनाऱ्याजवळ विरत गेलं. पण एका रनवर जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं तयार केलेलं ६ किलोमीटर जाळीचं भारत फोरकास्ट सिस्टिम २०२५ पासून हवामान विभाग वापरतोय. ते, युरोपियन आणि जीएफएस, तिन्ही सलग दोन दिवस एकच बोलले तर मी मानेन.

माझा अंदाज: सांगली जिल्ह्यात उद्यापासून दोन-तीन दिवस ढगाळ, दुपारनंतर विखुरलेला गडगडाटी पाऊस, पूर्व भागात कमी-जास्त. सलग मुसळधार आज तरी दिसत नाही. बागेचं कुणी जाणत्यानं सांगावं.

पलूस_द्राक्ष_ताई

सावळजचे दादा, बागेचं मी सांगते. आमची पलूसला बाग आहे आणि ऑक्टोबरच्या पावसाचा धडा आम्ही घेतलेला आहे.

दुसऱ्या प्लॉटची काळजी मला कमी वाटते. छाटलेल्या काडीवर पान नसतं, डोळे फुटायला आठवडा-दहा दिवस जातात, तोवर डाऊनीला (केवडा, पानावर-घडावर येणारी बुरशी) धरायला जागाच नसते. अडचण पेस्टिंगची आहे, म्हणजे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला औषध लावतात त्याची. हायड्रोजन सायनामाइड लावल्यावर पाऊस आला तर धुऊन जातं, डोळे मागे-पुढे फुटतात आणि मग पुढची सगळी कामं विस्कटतात. एका वेलीवर पोंगा, शेजारच्या वेलीवर चार पानं, अशा बागेला कुठली फवारणी कधी घेणार? छाटून ठेवून पेस्ट लांबवणंही बरोबर नाही. म्हणून तीन-चार दिवस थांबा. टोळीच्या मुकादमाला आजच फोन करा, जवळपास दुसऱ्या कुणाची विरळणी किंवा फेलफुटी (नको असलेल्या फुटी) काढायचं काम असेल तर तिकडे लावून द्या, म्हणजे माणसं लांब जाणार नाहीत. आम्ही तालुक्यात असं एकमेकांत करतो.

खरी काळजी पहिल्या प्लॉटची घ्या. पाच-सहा पानं आणि घड बाहेर, हीच डाऊनीची आवडती अवस्था. पान काही तास ओलं राहिलं आणि हवा वीस-पंचवीस अंशांत असली की झालं. पानावरचा तेलकट डाग दिसतो तरी, घडावर गेली तर घडच वाया. त्यात या अवस्थेत ढगाळ हवा आणि मुळाशी पाणी साठलं की घड जिरतात, बाळीवर जातात, म्हणजे घडाच्या जागी नुसता तणावा उरतो.

आज ठिबक बंद करा. फेलफुटी काढून घ्या, वेलीत वारा खेळला पाहिजे. स्पर्शजन्य बुरशीनाशक पाऊस यायच्या आधी पानावर बसलेलं हवं, त्यामुळे फवारणी आज संध्याकाळी किंवा उद्या सकाळी लवकर. रान ओलं झालं की ट्रॅक्टर आत जात नाही, ब्लोअर शेडमध्येच उभा राहतो. मग पहाटे ओल्या पानांवर धुरळणी करायची, आमच्याकडे त्या दिवसांत तेच चालतं. ओळींमधून पाणी बाहेर जायला चर मारून ठेवा. आंतरप्रवाही (पानात शिरून काम करणारं) औषध मात्र घाबरून दर दोन दिवसांनी मारू नका, बुरशी त्याला दाद देईनाशी होते आणि निर्यातीचा माल असेल तर मालात उरलेल्या औषधाच्या अंशाचा प्रश्न येतो. कुठलं आणि किती ते तुमच्या सल्लागाराला विचारा किंवा मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचा आठवड्याचा सल्ला बघा.

आणि एक. बाग म्हणजे लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं आहे. काल दंडोबाकडे विजा होत्या म्हणता, तर विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप घ्या आणि गडगडाट ऐकू आला की बायका-माणसांना बागेतून बाहेर काढा, काम राहिलं तरी राहू दे. झाडाखाली नको, पक्क्या शेडमध्ये.

कोरेगाव_सातारा

साताऱ्याकडची हवा कळवतो. सकाळी यवतेश्वरच्या माथ्यावर ढग टेकलेले होते, दुपारी उघडीप मिळाली. पश्चिमेला उंचावर तंतूसारखे पांढरे ढग पसरलेत, दक्षिणेकडून येतायत. महाबळेश्वरच्या पाहुण्यांशी बोललो, तिथे भुरभुर आहे, स्ट्रॉबेरीची रोपं नुकतीच लावलीत म्हणून तेही धास्तावलेत. पुण्यातून मान्सून परतायची सरासरी तारीख ९ ऑक्टोबर, आमच्याकडे अजून परतल्यासारखी हवा नाही. माझं आलं रानात आहे, पाणी साचलं की कंदकूज ठरलेली. चर मोकळे करून घेतले. शाळूची पेरणी ज्यांची व्हायचीय ते मात्र या पावसाची वाट बघतायत, माण-खटावला चित्रा नक्षत्राचा एक चांगला पाऊस हवाच आहे.

सावळज_बागायत

ताई, काका, सगळ्यांचे आभार. मुकादमाशी बोललो. मणेराजुरीत एका पाहुण्यांकडे फेलफुटीचं काम निघालंय, टोळी चार दिवस तिकडे थांबेल, छाटणी त्यानंतर. पहिल्या प्लॉटवर आज पाच वाजता फवारणी धरलीय. घरचे म्हणत होते वादळाचं नाव जाहीर होऊ दे, मग बघू. त्यांना काकांचं २०२० चं वाचून दाखवलं.

काका, एकच विचारतो. छाटणीला पुन्हा हिरवा कंदील कधी समजायचा? नुसतं ऊन पडलं की चालेल?

मिरज_दाबमापक

नुसत्या उन्हावर जाऊ नका. या दिवसांत सकाळी लख्ख ऊन पडतं आणि त्याच उन्हानं तापून दुपारी ढग उभे राहतात. तीन गोष्टी एकत्र बघा. वारा ईशान्येचा किंवा पूर्वेचा झालेला हवा. दवबिंदू सलग दोन दिवस उतरता हवा. आणि उपग्रहाच्या चित्रात बंगालच्या उपसागराकडेही नजर टाका, कारण पश्चिमेची सिस्टिम गेली आणि मागून आंध्रच्या किनाऱ्याजवळ दुसरी तयार होत असली तर पेस्टिंग करून पुन्हा अडकाल. २०२० ची सिस्टिम पूर्वेकडूनच आली होती. आज उपसागर शांत आहे.

एक मदत करा. रोज पहाटेचं किमान तापमान आणि वाऱ्याची दिशा इथे टाका, पाऊस झाला तर किती वाजता आणि कुठल्या बाजूनं आला तेही. विटेकर आणि कोरेगावकर, तुम्हीही. सावळज आणि पलूस यांच्यात फार अंतर नाही, तरी या पावसात एकीकडे वाफसा असतो आणि दुसरीकडे पाणी साचतं. मी उद्या दहाचा दाब साडेदहाला टाकतो.