मदत हवी आहे: न्यू जर्सीहून टेक्सासला (डॅलस) राहायला जावं का?

रानवाट

एडिसनहून डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्रॉस्पर-सेलिना पट्ट्यात, जायचा विचार चालू आहे. नोकरी मॅनहॅटनमधल्या कंपनीत, पण पूर्णवेळ घरून काम करायची मुभा आहे. एच-१बी (कामाचा व्हिसा), आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीचा अर्ज) मंजूर. मुलं तिसरीत आणि आठवीत. घरासाठी बजेट साडेपाच लाख डॉलर. मुख्य आकर्षण अर्थातच राज्याचा आयकर नाही हे. फायदे-तोटे शक्यतो आकड्यांत सांगा. "उन्हाळा कडक आहे" आणि "घरं मोठी मिळतात" एवढं माहीत आहे.

आकडेमोड

मुख्य आकर्षणापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या बाबतीत ते बहुधा लागूच होणार नाही.

कंपनी न्यूयॉर्कची असेल आणि तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी दुसऱ्या राज्यातल्या घरून काम करत असाल, तर न्यूयॉर्क राज्य ते दिवस न्यूयॉर्कमध्येच काम केल्याचे धरतं. त्यातून सुटायचं तर बाहेरून काम करणं ही कंपनीची गरज आहे हे दाखवावं लागतं, आणि "मॅनेजरची हरकत नाही" याला गरज म्हणत नाहीत. आज तुम्ही न्यूयॉर्कला कर भरता आणि न्यू जर्सी त्याची वजावट देतं. टेक्सासला गेल्यावर वजावटीचा प्रश्नच राहणार नाही, पण न्यूयॉर्कचा कर आहे तसाच राहील. म्हणजे पगारावर बचत जवळपास शून्य.

हीच नोकरी न्यू जर्सीतल्या कंपनीची असती तर गणित वेगळं होतं. दोघांचं मिळून करपात्र उत्पन्न २ लाख डॉलर धरलं तर न्यू जर्सीचा कर साधारण ८,७०० डॉलर होतो, तो पूर्ण वाचला असता.

उपाय एकच: कंपनीचं टेक्सासमध्ये ऑफिस असेल तर तिकडे रीतसर बदली. बदलीचं पत्र, पेरोलमध्ये बदललेलं कामाचं ठिकाण, आणि डब्ल्यू-२च्या (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म) १५व्या रकान्यात न्यूयॉर्क येणार नाही याची खात्री, ही तिन्ही हवीत. नुसता घराचा पत्ता बदलला तर पेरोलवाले न्यूयॉर्कचा कर कापत राहतात. रिटर्नमध्ये तो परत मागितला की चौकशीचं पत्र येतं आणि पुरावे तुम्हालाच द्यावे लागतात.

आता एच-१बी. डॅलस हे वेगळं महानगर क्षेत्र आहे, त्यामुळे तिथे काम सुरू करण्याआधी नवीन एलसीए (पगार आणि कामाचं ठिकाण सांगणारा कामगार खात्याकडचा अर्ज) आणि सुधारित व्हिसा पिटिशन दाखल झालं पाहिजे. दाखल झाल्यावर काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. सामान आधी हलवून वकिलाला नंतर कळवणं हा यातला सगळ्यात महागडा क्रम. ग्रीन कार्डचं पर्म (कामगार खात्याची मंजुरी) एका ठिकाणासाठी असतं. मंजूर आय-१४०मुळे तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) टिकेल, पण पर्म नव्याने करावं लागेल का, ते मूळ अर्जात कामाचं ठिकाण कसं लिहिलंय त्यावर ठरेल. वकिलाला हाच प्रश्न लेखी विचारा.

रानवाट

बाप रे! हे कुणीच बोललं नव्हतं. प्लॅनोला आमचं ऑफिस आहे, बदली मागता येईल. ती मिळेल असं धरून पुढचं सांगा. सेलिनात नवीन घरं फ्रिस्कोपेक्षा बरीच स्वस्त दिसतायत, त्यात काय गोम आहे?

सातबारा

गोम 'मड' (म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट) आणि 'पिड' (पब्लिक इम्प्रूव्हमेंट डिस्ट्रिक्ट) या दोन शब्दांत आहे. नव्या वसाहतीचे रस्ते, पाणी, ड्रेनेज यांसाठी रोखे काढलेले असतात आणि ते फेडायचं काम घरमालकाकडे येतं. जाहिरातीतल्या किमतीत हे दिसत नाही.

साडेपाच लाखांच्या घराचं ढोबळ गणित असं. शाळेच्या कराचा दर १ ते १.२५ टक्के. स्वतः राहत असाल तर होमस्टेड सवलतीत शाळेच्या करासाठी किंमत १,४०,००० डॉलरने कमी धरतात (नोव्हेंबर २०२५च्या मतदानात हा आकडा एक लाखावरून वाढला). म्हणजे ४,१०,०००वर ४,१०० ते ५,१०० डॉलर. शहर, काउंटी, कम्युनिटी कॉलेज मिळून ०.६५ ते ०.८५ टक्के, म्हणजे आणखी ३,६०० ते ४,७००. इथपर्यंत आठ ते दहा हजार झाले. मड असेल तर त्यावर आणखी ०.५ ते १ टक्का, म्हणजे २,७५० ते ५,५०० डॉलर. आयकरातले वाचलेले पैसे इथेच जिरतात. पिड बहुतेक वेळा वर्षाची ठरावीक रक्कम असते आणि होमस्टेड सवलत तिला लागत नाही. विक्रेत्याने करारापूर्वी दोन्हींची लेखी सूचना देणं बंधनकारक आहे. ती मागून घ्या आणि किती वर्षं उरली आहेत ते बघा.

नव्या घरात लोक हमखास फसतात ते एस्क्रोमध्ये (कर आणि विम्यासाठी बँक हप्त्यासोबत कापते ती रक्कम). १ जानेवारीला जमिनीवर जे उभं असेल त्यावर त्या वर्षाचा कर लागतो. जानेवारीत नुसता प्लॉट होता आणि जूनमध्ये तुम्ही घर घेतलं, तर पहिल्या वर्षी कर फक्त प्लॉटचा. बँकेने त्याच आकड्यावर हप्ता बांधला असेल तर पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल येतं, मागची तूट भरून काढायची असते, आणि हप्ता महिना सात-आठशे डॉलरने उडी मारतो. पहिल्या दिवसापासून पूर्ण किमतीवर एस्क्रो कापायला सांगा.

होमस्टेडचा अर्ज फुकट असतो, काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी घरांची किंमत ठरवणारं कार्यालय) ३० एप्रिलपर्यंत करायचा. त्यासाठी टेक्सासच्या लायसन्सवर नव्या घराचाच पत्ता हवा. सवलत मिळाल्याच्या पुढच्या वर्षापासून करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. म्हणूनच विक्रेत्याचं जुनं कराचं बिल बघून हुरळून जाऊ नका. घर विकलं की ही मर्यादा सुटते आणि तुम्हाला बाजारभावाने नवा आकडा लागतो.

आणि त्यांनी धरलेल्या किमतीवर दरवर्षी हरकत नोंदवायची. मुदत १५ मे, किंवा नोटीस निघाल्यापासून ३० दिवस, यातलं जे नंतर येईल ते. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारला कळवणं सक्तीचं नाही, त्यामुळे डिस्ट्रिक्टचे अंदाज पुष्कळदा ढोबळ असतात. "माझं घर इतक्याचं नाही" यापेक्षा "आजूबाजूच्या सारख्या घरांची किंमत कमी धरली आहे" हा मुद्दा जास्त चालतो. त्यांचे पुरावे सुनावणीआधी मागून घ्या, त्यांच्याच तक्त्यात आपल्या उपयोगाची घरं सापडतात.

ओळंबा

करावर एवढं बोलणं झालं, आता घराच्या खाली काय आहे ते बघा. डॅलसच्या आसपासची माती म्हणजे आपली विदर्भ-मराठवाड्यातली काळी कापसाची जमीन: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घरं काँक्रीटच्या स्लॅबवर, तळघर नाही. माती एका बाजूने सुकली की स्लॅब तिरका होतो. दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी भेग, अडकणारी दारं, विटांच्या भिंतीत पायरीसारखी फट ही त्याची लक्षणं.

कराराच्या वेळी 'ऑप्शन पीरियड' घ्या, साधारण ७ ते १० दिवसांचा. थोडी फी भरून तेवढ्या मुदतीत कारण न देता मागे फिरता येतं. त्यातच करायच्या गोष्टी: जुन्या घराला स्ट्रक्चरल इंजिनिअर (फाउंडेशन दुरुस्तीची कंपनी नव्हे, तिला काम काढायचंच असतं), ड्रेनेज लाइनमध्ये कॅमेरा, आणि विम्याचं कोटेशन.

विमा हा मोठा तोटा आहे. गारपिटीमुळे वारा आणि गारांसाठी वेगळं डिडक्टिबल असतं, घराच्या विमा रकमेच्या १ किंवा २ टक्के. पाच लाखांवर २ टक्के म्हणजे छप्पर गेलं तर पहिले १०,००० डॉलर तुमचे. पॉलिसीत छपराची भरपाई नव्या किमतीने आहे की झीज वजा करून, हे वाचा. झीजवाली पॉलिसी स्वस्त असते, पण बारा वर्षांच्या छपराला त्यात फार काही हाती येत नाही. गारपिटीनंतर दारावर येऊन "डिडक्टिबल आम्ही भरतो" म्हणणाऱ्याला परत पाठवा, टेक्सासच्या कायद्यात ते बेकायदा आहे.

राहायला गेल्यावर उन्हाळ्यात पायापासून फूट-दीड फुटावर पाझरणारा पाइप टाकून माती सारखी ओलसर ठेवा. एकदम भरपूर पाणी सोडलं तर उलटा परिणाम होतो. मोठं झाड भिंतीलगत लावू नका.

फ्यूज

वीज: बहुतेक भागात कंपनी तुम्ही निवडता, 'पॉवर टू चूज' या सरकारी साइटवरून. अपवाद तपासा: डेंटन आणि गारलँडची वीज पालिकेची आहे, फ्रिस्कोच्या काही भागात कोसर्व्ह ही सहकारी संस्था आहे, तिथे निवड नाही. प्लॅनच्या माहितीपत्रकात ५००, १,००० आणि २,००० युनिटचे दर वेगवेगळे दिलेले असतात. यादीत वर दिसणारा प्लॅन बरोबर १,००० युनिटला स्वस्त असतो, कारण तिथे एक सूट लागू होते. ९९० युनिट वापरले की सूट गेली. मोठ्या घरात जुलै-ऑगस्टला २,०००च्या वर सहज जातं, तेव्हा साधा, सूट नसलेला, वर्षभर स्थिर दराचा प्लॅन घ्या. मुदत संपायच्या आधीच्या १४ दिवसांत दंडाशिवाय बदलता येतो. न बदलल्यास महिन्याच्या चढ्या दरावर ढकलतात.

फेब्रुवारी २०२१सारखी, राज्यभर वीज घालवणारी थंडी दरवर्षी येत नाही, पण टेक्सासचं ग्रिड देशापासून बरंचसं वेगळं आहे, बाहेरून फारशी वीज आणता येत नाही. पाण्याचे पाइप पुष्कळ घरांत पोटमाळ्यावरून जातात, ते गोठून फुटू शकतात. घर ताब्यात आल्यावर पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवा.

पाटीपेन्सिल

शहर आणि शाळेचा जिल्हा एक नसतो. पत्ता फ्रिस्कोचा असला तरी मूल लुइसव्हिल, प्रॉस्पर किंवा लिटल एल्मच्या शाळेत जाऊ शकतं. घराच्या नेमक्या पत्त्यावर जिल्ह्याच्या साइटवर शोधा, एजंटच्या तोंडी शब्दावर नको.

आठवीतल्या मुलासाठी जास्त महत्त्वाचं: यूटी ऑस्टिन या सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश २०२६पासून वर्गातल्या वरच्या ५ टक्क्यांनाच. चुरशीच्या शाळेत हे अवघड जातं, थोड्या कमी चुरशीच्या शाळेत तोच मुलगा त्यात बसू शकतो. राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या कमी फीसाठी १२ महिन्यांचं वास्तव्य लागतं, एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) असला तरी चालतं. बदली करायचीच असेल तर नववी सुरू होण्याआधी करा, रँक नववीपासूनच्या गुणांवर ठरतो.

सातबारा

एक राहिलं. न्यू जर्सीत बाळंतपणासाठी किंवा घरातल्या आजारपणासाठी राज्याकडून पगारी रजा मिळते, टेक्सासमध्ये अशी योजना नाही. गर्भपातावरही २०२२पासून जवळपास पूर्ण बंदी आहे, अपवाद फक्त आईच्या जिवाच्या किंवा गंभीर शारीरिक धोक्याचा. घरात पुढचं काही नियोजन असेल तर हे आधी बोलून घ्या.

रानवाट

सगळ्यांचे आभार. आधी बदलीचं पत्र, मग वकील, मग घर. गाडी सोबत नेतोय, तिचं काय?

आकडेमोड

३० दिवसांत काउंटीच्या टॅक्स ऑफिसात नोंदणी, ९० दिवसांत लायसन्स. लायसन्सची अपॉइंटमेंट निघायच्या आधीच घ्या, तारखा लांबच्या मिळतात. दुसऱ्या राज्यात आधीच तुमच्या नावावर असलेल्या गाडीला विक्रीकर नाही, ९० डॉलरचा नवरहिवासी कर आहे. सुरक्षा तपासणी २०२५पासून बंद झाली, पण डॅलस, कॉलिन, डेंटन काउंटीत धुराची चाचणी अजून लागते, ती नोंदणीच्या आधी करा. इलेक्ट्रिक गाडीला चाचणी नाही, त्याऐवजी वर्षाला २०० डॉलर जास्त. कर्जाच्या गाडीचं टायटल (मालकीचा कागद) बँकेकडे असतं, तेव्हा नोंदणीला कोणते कागद लागतील ते टॅक्स ऑफिसला आधी फोन करून विचारा.