विजेच्या तारांवरून ब्रॉडबँड: अमेरिकेतील प्रयोग का थांबले?

प्रश्न: अमेरिकेच्या ग्रामीण भागात वीज घरोघरी पोहोचलेली असताना त्याच तारांवरून इंटरनेट देण्याचे प्रयोग का टिकले नाहीत?

पहिले उत्तर: साधारण २ ते ३० मेगाहर्ट्झचा संदेश अशा तारेवरून जाताना झपाट्याने क्षीण होतो आणि रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) त्याला जवळजवळ अडवतेच, त्यामुळे ठिकठिकाणी रिपीटर, म्हणजे संदेश पुन्हा बळकट करून पुढे पाठवणारी उपकरणे, बसवावी लागतात, विरळ वस्तीत तो खर्च मोजक्याच ग्राहकांवर पडतो.

दुसरे उत्तर: शिवाय उघडी तार अँटेनासारखी वागते, म्हणजे तिच्यातला संदेश रेडिओलहरींच्या रूपाने बाहेर पसरतो. हौशी रेडिओचालकांनी व्यत्ययाच्या तक्रारी केल्या, आणि त्या माझ्या मते रास्तच होत्या. व्हर्जिनियातील मनॅसस शहराने २००५ मध्ये सुरू झालेली सेवा २०१० मध्ये गुंडाळली.

प्रश्नकर्ता: म्हणजे खांब उपयोगी, तार नव्हे?

पहिले उत्तरकर्ते: होय. अनेक वीज सहकारी संस्था आता त्याच खांबांवरून ऑप्टिकल फायबर नेतात.