दारू सोडण्यासाठी मीटिंग तुम्हाला कशी सापडली? अनुभव लिहा

दारू सोडायची असं घरात ठरतं, पण मग जायचं कुठे, हे पटकन सांगणारं कुणी भेटत नाही. एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना. तिच्या मीटिंगा शाळेच्या वर्गात, चर्चच्या आवारातल्या एखाद्या खोलीत भरतात. शेजारून रोज जाणाऱ्यालाही पत्ता नसतो. म्हणून नेमकं लिहा : कुणी सांगितलं, दारात काय झालं, परत का गेलात. स्वतःचं नाव नको, मीटिंगमधल्या दुसऱ्या कुणाचं तर अजिबात नको.

सुरुवात मी करतो. मुंबईत राहतो. एएच्या हेल्पलाइनवर पलीकडून बोलणारा स्वतः दारू सोडलेला माणूस होता. त्याने उपदेश केला नाही. म्हणाला, "स्टेशनच्या पुलाखाली थांबा, मी न्यायला येतो." आणि तो खरंच आला. आत चहा, भिंतीवर दारूतून बाहेर पडण्याच्या एएच्या बारा पायऱ्यांचा तक्ता. आडनाव, नोकरी, जात कुणीही विचारलं नाही. फी नाही. शेवटी ऐच्छिक वर्गणीची पिशवी फिरली तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "तुम्ही आज काही टाकायचं नाही, नवीन आहात." अट एकच, दारू थांबवायची इच्छा हवी. त्याच काकांनी सांगितलं, की १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारूपायी उद्ध्वस्त झालेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे सुरू झालं. भारतात १९५७ मध्ये आलं. मला ते पटलं, कारण डॉक्टरांपासून लपवलेलं मी त्या काकांना जिन्यातच सांगून टाकलं होतं.

पुण्याहून, एक पत्नी
आमचे हे यायला तयारच नव्हते. मग मीच गेले. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या मीटिंगा आहेत, हे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतलेल्या एका भाऊजींच्या बायकोने सांगितलं. (अवचट पतिपत्नींनी १९८६ मध्ये येरवड्याला सुरू केलेलं मुक्तांगण पुण्यात सगळ्यांना माहीत असतं, पण तिथे पेशंटच्या बायकांसाठीही गट आहे हे मला ठाऊक नव्हतं.) अल-अनॉनमध्ये पहिल्या दिवशी मी नुसती रडले. कुणी गप्प केलं नाही. तिथे इतर बायकांचं ऐकून मी एक गोष्ट बंद केली : "ह्यांना ताप आलाय" म्हणून त्यांच्या ऑफिसात फोन करणं. सासूबाई चिडल्या. पण साहेबांशी स्वतः बोलावं लागलं तेव्हा यांनी पहिल्यांदा विचारलं, "तू जातेस तिथे पुरुषांचं काही असतं का?"

सांगली जिल्हा
गावात मीटिंग नाही. तालुक्याला आहे, पण ती संपेपर्यंत शेवटची एसटी निघून जाते. लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन मीटिंगा सुरू झाल्या त्या आमच्यासारख्यांना लाभल्या. मी शेतातल्या शेडमध्ये बसून ऐकतो, तिथे रेंज येते.

सरकारी रुग्णालयातली परिचारिका
माझा अनुभव पेशंटकडून आलेला आहे आणि तो कृपया सगळ्यांनी वाचावा. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंग सापडली म्हणून घरच्या घरी एकदम बंद करू नये. काही तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नसलेली माणसं दिसू लागतात, पेशंट बडबडतो, आणि घरचे "बाहेरचं लागलंय" म्हणून देवऋषाकडे नेतात. तो वेळ जिवावर बेततो. आधी डॉक्टर, मग मीटिंग. रात्री काही सुचेना तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ किंवा व्यसनमुक्तीची १४४४६ ही हेल्पलाइन लावा.

ठाण्याहून, एक बाई
दारात मला विचारलं गेलं, "मिस्टर कुठे आहेत?" बाई आली म्हणजे नवऱ्यासाठीच आली असणार, असा समज. मी म्हटलं, "मी माझ्यासाठी आलेय." ते गृहस्थ ओशाळले आणि लगेच त्यांनी एका ताईंचा नंबर दिला. त्या आता माझ्या स्पॉन्सर आहेत, म्हणजे अडलं की वाट दाखवणाऱ्या जुन्या सदस्य. बायकांच्या वेगळ्या मीटिंगाही असतात, त्या आवर्जून विचारा. सगळ्या पुरुषांसमोर मुलांविषयी बोलणं मला जमलं नसतं.

गडचिरोली
आमच्याकडे १९९३ पासून जिल्ह्यात दारूबंदी, तरी गावात दारू मिळायची. मी मुक्तिपथ या जिल्ह्यातल्या दारू-तंबाखूमुक्तीच्या कार्यक्रमाच्या तालुका क्लिनिकमधून सुरुवात केली. गोळ्यांइतकाच तिथल्या इतर पेशंटांशी बोलण्याचा आधार झाला.

डोंबिवली
पहिला समूह इंग्रजीत बोलणारा निघाला. मला निम्मं कळेना. परत जाणार नव्हतो, पण तिथल्याच एकाने मराठी समूहाचा पत्ता लिहून दिला. फोन करताना भाषा विचाराच. मीटिंग उघडी की बंद हेही विचारा : बंद मीटिंगला फक्त दारूचा त्रास असलेलेच बसतात, उघडीला बायको, भाऊ, कुणीही येऊ शकतं.

प्रश्न आहे
शनिवारी धाकट्या भावाला न्यायचंय. तिथे बोलावंच लागतं का? तो फार बुजरा आहे.

धागाकर्ता
नाही लागत. पाळी आली की "आज फक्त ऐकतो" म्हणायचं, पुढचा माणूस बोलू लागतो. उघडी मीटिंग निवडा म्हणजे तुम्हालाही शेजारी बसता येईल. थोडं लवकर पोहोचा, चहाच्या वेळी ओळखी होतात. आणि निघताना कुणाचा तरी फोन नंबर त्याला स्वतःला मागू द्या.