मोठ्या छपाईसाठी प्रतिमा वाढवताना इफेक्ट्सचे प्रमाण कसे राखावे?

प्रश्न:
फोटोशॉपमध्ये ३००० बाय २००० पिक्सेलचे एक चित्र तयार आहे आणि ते ३ बाय २ मीटर आकारात, १०० पीपीआयने (दर इंचाला १०० पिक्सेल) छापायचे आहे. मूळ फाइलमध्ये ८ पिक्सेल त्रिज्येचा गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा फिल्टर), अक्षरांमागे ड्रॉप शॅडो आणि सर्व चित्रभर बारीक ग्रेन (कणीदार पोत) आहे. मोठ्या फाइलमध्ये हेच आकडे ठेवले, तर ब्लर जाणवेनासा होतो आणि सावली अक्षरांना चिकटते. सगळे आकडे एकाच पटीने वाढवावेत का?

उत्तर १:
बहुतेक आकडे, हो. ३ मीटर म्हणजे १०० पीपीआयला सुमारे ११,८११ पिक्सेल. त्याला ३००० ने भागल्यास ३.९४ पट येते, म्हणून ब्लरची त्रिज्या साधारण ३१.५ करावी. सावलीचे अंतर आणि आकारही त्याच पटीने वाढतात. अपारदर्शकता व कोन मात्र तसेच राहतात. इमेज साइझच्या खिडकीत ‘स्केल स्टाइल्स’ चालू ठेवल्यास लेयर स्टाइल (थराला दिलेले सावलीसारखे इफेक्ट्स) आपोआप वाढतात. स्मार्ट फिल्टरचे (नंतरही बदलता येणाऱ्या फिल्टरचे) आकडे मात्र स्वतः तपासावेत.

उत्तर २:
ग्रेनला हा हिशेब तसाच लावू नये. ‘अ‍ॅड नॉइज’ या ग्रेन घालणाऱ्या फिल्टरमधली टक्केवारी फक्त तीव्रता ठरवते, कण एका पिक्सेलचाच राहतो, आणि १०० पीपीआयला तो कागदावर जेमतेम पाव मिलिमीटर भरतो. डोळ्याची भेदनक्षमता साधारण एक कलामिनिट (अंशाचा साठावा भाग) धरली, तर ३ मीटरवरून ०.९ मिलिमीटरहून लहान कण वेगळा दिसत नाही. म्हणून मूळ आकाराच्या फाइलमध्ये ५० टक्के करड्या थरावर नॉइज द्यावा, तो थर ओव्हरले मोडमध्ये (म्हणजे करडा रंग न दिसता फक्त कण चित्रात मिसळतात) ठेवावा आणि चित्राबरोबर वाढू द्यावा. कण जवळपास एक मिलिमीटरचा होतो. शार्पनिंगही (कडा ठळक करणे) आधी करून चित्र वाढवू नये, कारण कडांभोवतीची प्रभावळ चौपट रुंद होऊन डोळ्यांत खुपते. ते अंतिम आकारातच करावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. प्रेक्षक चित्रापासून एक मीटरवरही येऊ शकतात, हे सांगायचे राहिले.

उत्तर २:
मग मर्यादा ०.३ मिलिमीटरच्या आसपास येते आणि एक मिलिमीटरचा कण खडबडीत वाटेल. ग्रेनचा थर दुपटीनेच वाढवून अर्धा मिलिमीटर ठेवावा, असे माझे मत आहे. पूर्ण छपाईपूर्वी अक्षराची कड आणि सपाट रंगाचा भाग येईल अशी एक पट्टी प्रत्यक्ष आकारात, त्याच माध्यमावर छापून घ्यावी, कारण कापडी पोतावर हाच ग्रेन बराच मऊ पडतो.