संगणकाने काढलेले ब्रिजचे डाव: क्लबला हवेतच, वर्गाला कितपत? (चौघांची चर्चा; प्रत्येकाच्या मजकुरावर त्याचं टोपणनाव)

इस्पिक एक्का

माझं म्हणणं आधीच सांगतो. क्लबच्या डुप्लिकेटसाठी (सगळ्या टेबलांवर तेच डाव खेळायच्या ब्रिजसाठी) डाव संगणकानेच काढावेत आणि निघालेल्यांतला एकही बदलू नये. शिकवणीच्या वर्गासाठी मात्र अटी घालून काढावेत.

हाताने पिसलेला कॅट पुरता मिसळत नाही, हे मूळ कारण. खेळ संपला की भिडू आपली तेरा पानं बरेचदा रंगवार लागलेलीच बोर्डात (चौघांची पानं ठेवायच्या चार खणांच्या पेटीत) सारतो. पुढच्या वेळी कोणी तीन-चारदा पिसून एकेक पान वाटलं, की एकमेकांना चिकटून राहिलेली चार इस्पिकं चौघांत एकेक जातात. मग डाव सपाट येतात, म्हणजे प्रत्येकाकडे चारही रंग जवळपास सारखे. कॅट दोन भागांत करून एकमेकांत सरकवायची पिसणी नीट मिसळायला सुमारे सात वेळा लागते, हे बायर आणि डायकोनिस यांनी १९९२ साली गणिताने दाखवलं. घाईत तेवढा वेळ कोणी देत नाही.

खऱ्या वाटपात ४-४-३-२ ही ठेवण (चार रंगांची अनुक्रमे इतकी पानं) २१.५५ टक्के वेळा येते, ५-३-३-२ ही १५.५२, ५-४-३-१ ही १२.९३ आणि ४-३-३-३ फक्त १०.५४. एखादा रंग अजिबात नसण्याची शक्यता ५.१ टक्के. म्हणजे २४ बोर्डांत प्रत्येक भिडूला सरासरी एकदा तरी असा हात यायला हवा.

बदाम राणी

गणित मान्य, निष्कर्ष नाही. सभासद संध्याकाळी तीन तास खेळायला येतात. त्यात चार बोर्ड असे निघाले की प्रत्येक टेबलावर एक नो ट्रम्प (हुकमाविना खेळ), सात हात (जिंकलेल्या फेऱ्या), तर त्या बोर्डांवर कोणाचंच कौशल्य दिसत नाही. डायरेक्टरने (खेळ चालवणाऱ्याने) ३० डाव काढावेत, सहा निरस बाजूला ठेवावेत, २४ खेळवावेत. यात अन्याय कोणावर? बोर्ड सगळ्यांना तेच असतात.

इस्पिक एक्का

अन्याय शक्यतांप्रमाणे खेळणाऱ्यावर होतो. एका रंगाची पाच पानं विरोधकांकडे असताना ती त्यांच्यात ३-२ अशी फुटण्याची शक्यता ६७.८ टक्के आणि ४-१ अशी फुटण्याची २८.३ टक्के, या हिशेबावर माणूस खेळाची दिशा ठरवतो. ‘निरस’ म्हणून सपाट डाव काढून टाकले की हे आकडे त्या क्लबात खोटे ठरतात. नियमित येणाऱ्यांना ते उमगतं, पाहुण्या जोडीला नाही. शिवाय सात हातांच्या बोर्डावर आठवा हात काढणं हे मॅचपॉइंटमध्ये (इतर टेबलांपेक्षा सरस निकालाला गुण मिळतात तिथे) कौशल्यच आहे. आणि डाव निवडायचे म्हणजे ते पाहावे लागतात. ज्याने पाहिले त्याने त्या रात्री खेळू नये.

तेरावं पान

एक मुद्दा दोघांकडूनही राहिला. संगणकाने काढला म्हणजे डाव चांगलाच, असं नाही. एकूण शक्य डाव सुमारे ५.३६ गुणिले १० चा २८ वा घात इतके आहेत. ते सगळे आवाक्यात यायला सुरुवातीचा यादृच्छिक आकडा, म्हणजे सीड, किमान ९६ बिटांचा लागतो. साध्या प्रोग्रॅममध्ये तो ३२ बिटांचा असतो, म्हणजे फक्त ४२९ कोटी वेगवेगळे संच. सीड घड्याळाच्या सेकंदांवरून घेतला असेल तर दिवसाला अवघे ८६,४००. पहिला बोर्ड खेळून झाल्यावर तेवढे संच तपासून पुढचे २३ शोधायला साधा लॅपटॉप पुरतो.

म्हणून स्पर्धेसाठी हान्स फान स्टाफेरेन यांच्या ‘बिग डील’सारखा प्रोग्रॅम वापरावा. तो कळफलकावरच्या ठोक्यांमधल्या वेळेतून यादृच्छिकता गोळा करतो आणि १६० बिटांवर काम करतो. स्प्रेडशीटमध्ये ५२ ओळी उलटसुलट करून काढलेले डाव वर्गाला ठीक, स्पर्धेला नाही.

चौकट दश्शी

क्लबच्या बाबतीत पूर्ण सहमत. वर्गाच्या बाबतीत ठाम विरोध. शिकवायचा डाव हाताने रचावा लागतो. उदाहरण देतो. दक्षिणेचा करार ३ नो ट्रम्प (म्हणजे नऊ हात करायचा शब्द), पश्चिमेची उतारी (पहिलं पान) इस्पिक राजा.

दक्षिण: इस्पिक एक्का-७-४, बदाम राजा-६-३, चौकट एक्का-राजा-५-२, किलवर राणी-८-४. (मोठ्या पानांचे १६ पॉइंट)
उत्तर: इस्पिक ८-५, बदाम एक्का-७-२, चौकट राणी-६-४, किलवर एक्का-गुलाम-१०-९-३. (११ पॉइंट)

पश्चिमेकडे इस्पिक राजा-राणी-गुलाम-१०-२, पूर्वेकडे तीन इस्पिकं आणि किलवर राजा. एक्का दोनदा दाबून धरला (खेळला नाही) आणि तिसऱ्या फेरीत घेतला तर पूर्वेकडची इस्पिकं संपतात. मग किलवरचा फिनेस (राजा पश्चिमेला आहे असं धरून एक्का राखून केलेली खेळी) हरला तरी पूर्व इस्पिक खेळून पश्चिमेला आत आणू शकत नाही. एक्का पहिल्या किंवा दुसऱ्याच फेरीत घेतला तर विरुद्ध बाजूचे पाच हात होतात आणि करार एकाने पडतो. इथे इस्पिक फुटतात ५-३, किलवर राजा पूर्वेलाच, सगळं नेमकं जुळावं लागतं. प्रोग्रॅम हे आपोआप कसं देणार?

दुसरं, डबल डमीचा तक्ता, म्हणजे चौघांची पानं उघडी धरून संगणकाने काढलेले जास्तीत जास्त हात. त्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बो हाग्लुंड यांचं गणित अचूक आहे, पण तक्त्यात फक्त ‘१०’ दिसतं. एक्का कधी घ्यायचा हा धडा त्या आकड्यात नाही. ज्या डावात राणी कुठे आहे हे पाहिल्याशिवाय करार होत नाही, तिथेही तक्ता ‘होतो’ म्हणतो आणि विद्यार्थी स्वतःला दोष देत बसतो.

तेरावं पान

तक्त्याबद्दल पूर्ण पटलं. नवशिक्यांच्या हँड रेकॉर्डवर (खेळलेल्या डावांच्या छापील कागदावर) तो छापूच नये.

पण तुमचाच डाव प्रोग्रॅम सहज देतो. उत्तर-दक्षिणेची २६ पानं आणि पूर्वेचा किलवर राजा आधीच ठरवून द्या, बाकी पानं त्याला वाटू द्या, अट एकच: पश्चिमेला पाच इस्पिकं. चारात एक डाव पास होतो. इस्पिक राजा-राणी-गुलाम पश्चिमेलाच हवे असतील तर तेही ठरवून द्या. नुसती अट घातली तर साधारण एकविसात एक डाव मिळतो. पश्चिमेला बदाम चारपेक्षा जास्त नकोत हीही अट घाला, नाहीतर सहा बदामांवरून उतारी भलतीच होते आणि धडा वाया जातो.

हाताने रचण्यातला मोठा दोष वेगळाच. रचणाऱ्याच्या डावात फिनेस नेहमी हरतो. चार आठवड्यांत वर्ग शिकतो, की राजा कायम चुकीच्या बाजूला असतो आणि एक्का कायम दाबायचा. म्हणून आठ डावांच्या संचात तीन तुमच्यासारखे, दोन इस्पिक ४-४ फुटलेले, दोन किलवर राजा पश्चिमेला असलेले, आणि एक असा ठेवा की बदामाला अडसर (विरोधकांचा रंग रोखणारं पान) कच्चा आहे आणि एक्का पहिल्याच फेरीत घ्यावा लागतो. तसंही आठ पानं विरोधकांकडे असताना ५-३ फूट ४७ टक्के वेळाच होते.

चौकट दश्शी

मिश्रणाचा मुद्दा घेतला. तो आठवा डाव मात्र मी हातानेच रचणार. तिथे अटी लिहायला डाव रचण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

बदाम राणी

निरस बोर्ड काढण्याचा हट्ट सोडते, पाहुण्या जोडीचा मुद्दा पटला. पण वर्गासाठी डाव काढताना एक चूक हमखास होते, ती लिहिते. अट ‘दक्षिणेला १५ ते १७, बॅलन्स्ड’ (पॉइंट १५ ते १७, रंग जवळपास सारखे) अशी असते. असा हात दक्षिणेला साधारण विसात एकदा येतो, त्यामुळे डाव भराभर मिळतात. मग ते १ ते १६ बोर्डांत सलग भरले जातात. बोर्ड १ चा डीलर (पहिली बोली करणारा) उत्तर, २ चा पूर्व. दक्षिणेची बोली यायच्या आधीच कोणीतरी उघडतं. दक्षिण डीलर फक्त ३, ७, ११, १५ वर असते. तेव्हा बाकीचे डाव फिरवून उघडणारा डीलरच्या जागी आणा. मग चारही विद्यार्थ्यांना पाळीपाळीने करार खेळायला मिळतो.

पानं वाटणारं मशीन नसेल तर डाव छापलेल्या चिठ्ठ्यांवरून भरावेत. आठ टेबलं असतील तर प्रत्येकी तीन बोर्ड, आणि भरलेला बोर्ड त्या टेबलाने खेळायचा नाही. भरताना बोर्ड पाव फेरी फिरला तर अख्खा डाव सरकतो. पानं बरोबर तेरा-तेरा असतात, म्हणून मोजून ही चूक सापडत नाही. चिठ्ठीवर ‘उत्तर’ लिहिलेली पानं बोर्डावरच्या उत्तरेच्या खणातच गेली ना, हे दुसऱ्या माणसाने बोर्ड हलवण्यापूर्वी पाहावं.