प्रति: तंबू घरूनच न्यावा का?

वर कोणीतरी लिहिलंय की बेटावर राहायचं तर तंबू घरूनच न्यायला हवा. थायलंडच्या सुरिन बेटांवर तरी गरज नाही. तिथे राष्ट्रीय उद्यानाचेच तंबू भाड्याने मिळतात. आम्ही माई न्गामच्या किनाऱ्यावर राहिलो होतो. सामानाचं ओझं वाचलं तेवढंच, नाहीतर खुराबुरीच्या धक्क्यावर बोटीत चढताना माझी वाट लागली असती!

झोपेचं मात्र खोबरं झालं. रात्रभर पाचोळ्यात खरखर. टॉर्च मारला तर शंख पाठीवर घेतलेले खेकडे, एक तर थेट माझ्या चपलेत. खाऊ पिशवीत घट्ट बांधून ठेवा. आणि मे ते ऑक्टोबर पावसाळ्यात उद्यान बंद असतं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत असेल तर तारखा आधी बघा.