मदत हवी आहे: एलएम ३८६ चा आवाज वाढवला की भकभक सुरू

मंडळी, मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी कंडेन्सर माइक, एका ट्रान्झिस्टरचा प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल आधी वाढवणारा भाग) आणि एलएम ३८६ (स्पीकर चालवणारी ॲम्प्लिफायर चिप) असं ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता जोडणी करायचा बोर्ड) जोडलंय. सप्लाय ९ व्होल्टच्या ॲडाप्टरचा. व्हॉल्यूम अर्ध्यावर असेपर्यंत फक्त बारीक गुणगुण. त्यापुढे नेला की स्पीकरमधून बुलेट उभ्या उभ्या चालू ठेवल्यासारखी भक-भक-भक! मुलीला तेच जास्त आवडलंय, पण प्रोजेक्ट माइकचा आहे.

आतापर्यंत केलेलं: ॲडाप्टरच्या सॉकेटपाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. ३८६ च्या पिन ७ (बायपास) वरून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड दिला. गुणगुण जवळजवळ गेली, भकभक तशीच. नवी ९ व्होल्टची बॅटरी लावूनही तेच, म्हणजे दोष एकट्या ॲडाप्टरचा नसावा.

माझा अंदाज असा की स्पीकरने जोरात करंट ओढला की सप्लाय दबतो, तो झटका प्रीॲम्पकडे जातो आणि तिथून पुन्हा ३८६ च्या इनपुटला. प्रीॲम्पच्या सप्लायमध्ये १०० ओहम आणि १०० मायक्रोफॅरड आहे, पण तो फिल्टर साधारण १६ हर्ट्झच्या वरचंच दाबतो. भकभक तर सेकंदाला चार-पाचच. दोन्ही किमती ४७० केल्या तर पाऊण हर्ट्झपर्यंत उतरेल. हे बरोबर आहे ना?

शिवाय १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर ३८६ च्या पिन ६ (सप्लाय) आणि ४ (ग्राउंड) च्या अगदी अंगाला हवा म्हणतात. माझा दोन इंच लांब आहे. ब्रेडबोर्डवर एवढ्याने फरक पडतो का? की स्पीकर आणि माइकचं ग्राउंड एकाच पट्टीवर आहे, तिथेच घोळ आहे? ऑसिलोस्कोप नाही, फक्त मल्टिमीटर आहे.